आज्जीला मोबाईलसमोर बसवायच्या आधी: पहिल्यांदा ट्रेनिंग देणाऱ्यांसाठी

तालुक्यातनं फोन येतो, पुढच्या आठवड्यात सीएचओ (गावच्या केंद्रातले कम्युनिटी हेल्थ ऑफिसर), सिस्टर आणि आशांचं ट्रेनिंग आहे, म्हाताऱ्या माणसांची काळजी आणि टेलिमेडिसिन, म्हणजे मोबाईलवरनं लांबच्या डॉक्टरला पेशंट दाखवणं, दोन्ही विषय तुम्हीच घ्या. सोबत एक पेन ड्राईव्ह येतो, त्यात भरमसाट स्लाईड, बऱ्याचशा इंग्रजीत, थोड्या कन्नडमध्ये, आणि तुम्ही घरी बसून विचार करता की हे सगळं एका दिवसात कसं सांगायचं. हे लिहितेय ते अशा नर्स, ट्यूटर, मेडिकल ऑफिसर मंडळींसाठी ज्यांच्यावर हे काम पहिल्यांदाच आलंय. मी स्वतः नर्स, खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी ह्या पट्ट्यात अशी ट्रेनिंग घेत आलेय.

माझं म्हणणं एकच आहे, टेलिमेडिसिनचं ॲप सगळ्यात शेवटी शिकवा. व्हिडिओ कॉलवर पलीकडं जो डॉक्टर बसलेला असतो त्याला आज्जीचा हात धरता येत नाही, पायाची सूज दाबून बघता येत नाही, न्हाणीत जाताना ती भिंत धरती की नाही ते दिसत नाही, हे सगळं अलीकडं बसलेल्या आपल्या माणसानं बघून, हाताळून, नीट शब्दांत सांगायचं असतंय. तो माणूस तयार नसेल तर नेट कितीही चांगलं असू दे, पलीकडं जातंय ते फक्त "पेशंट वीक आहे सर" एवढंच.

हॉल बुक करायच्या आधी

बॅच बारा ते पंधराची ठेवा, जास्तीत जास्त. चाळीस जणांना एका हॉलमध्ये बसवलं की उपस्थितीची सही होते आणि चहा होतो, हाताला काम मिळत नाही. वरून आग्रह झाला तर दोन अर्धे दिवस मागून घ्या, बहुतेक वेळा मिळतात, फक्त आधी मागावं लागतं.

तारीख बघताना पंचांग नको, शेत बघा. खानापूर बाजूच्या आशा भाताच्या लावणीत स्वतः चिखलात असतात, त्या दिवसांत बोलावलं तर शरीरानं येतात, मन शेतात. निपाणीकडं तंबाखूच्या कामाचे दिवस तसेच. लसीकरणाचा दिवस तर अजिबात नको.

मग यादी करा की कोण कोण येणार आणि प्रत्येकाचं काम काय. आशा ताई घरोघरी जाते, तिच्याकडं सीबॅक फॉर्म असतो, आजारांचा धोका ओळखायचा, तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा भरायचा, त्यातच साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत, उभं राहताना चालताना तोल जातो का, रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, घरच्यांची नावं किंवा पत्ता विसरतात का, असे. एएनएम सिस्टर (आता आपल्याकडं त्यांना पीएचसीओ म्हणतात) मोजमाप आणि फॉलोअप बघते. सीएचओ आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात बसून डॉक्टरांशी जोडून देते आणि औषध देते. तिघींना एकच लेक्चर दिलं तर तिघींनाही निम्मं उपयोगाचं नसतं, म्हणून सकाळी सगळ्या एकत्र आणि दुपारी आपापल्या कामाप्रमाणं गट, असं मी करते. केंद्राकडनं आशांसाठी, सीएचओंसाठी वयस्करांच्या काळजीची वेगवेगळी मॅन्युअल निघालेली आहेत, ती आधी वाचून जा, स्लाईडपेक्षा बरी आहेत.

अजून एक गोष्ट विचाराच, कुणाला कुठली भाषा येते. आपल्याकडं बरेच सीएचओ बागलकोट, विजयपूर, कलबुर्गीकडनं आलेले असतात, हुशार आणि मनापासून काम करणारी पोरं, पण पोस्टिंग मिळतं जांबोटीच्या पुढं, जिथं आज्जीला मराठीशिवाय काही येत नाही. उलट बैलहोंगल-सौंदत्तीकडं गेलेल्या मराठी सिस्टरची तीच अडचण. ह्यावर पुढं लिहितेच, पण जोड्या लावताना एक मराठी बोलणारी आणि एक कन्नड बोलणारी अशा लावा, ते आधीच ठरवून ठेवा.

पहिला तास: "वय झालंय की आता"

हे वाक्य फळ्यावर लिहा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये "वयस्सायतु" लिहा, आणि विचारा, हे गेल्या महिन्यात कुणी कुणाला म्हटलं. सगळे हात वर होतात. गुडघा दुखतो, वय झालंय. ऐकू येत नाही, वय झालंय. जेवत नाही, गप्प बसून राहते, रात्री झोपत नाही, वय झालंय. आणि तिथंच तपासणी संपते.

मग त्यांना सांगा की जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याचा अर्थ काय धरलाय. आजार नसणं असा तो नाही, माणसाला जे करावंसं वाटतं ते करता येण्याची ताकद टिकवणं असा आहे. २०२१ ते २०३० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी ह्याच कामासाठी ठेवलंय. आपल्या देशात वयस्करांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, आणि २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं दहा कोटींच्या वर होती, आता तर अजून वाढलीत, गावात फिरलं की आकडा लागतच नाही, पोरं पुण्याला, गोव्याला, बेंगळूरला आणि घरात दोन म्हातारी माणसं, हे घरोघरी दिसतंय.

ह्या व्याख्येचा उपयोग असा की पहिला प्रश्न बदलतो. "काय होतंय आज्जी?" ह्याच्या आधी "काय करावंसं वाटतंय जे आता जमत नाही?" हे विचारायला शिकवा. एक म्हणाली परड्यात भाजी लावायची, एक म्हणाली देवळाच्या पायऱ्या चढायच्या, एका आजोबांना फक्त स्वतःच्या हातानं दाढी करायची होती. प्रत्येक उत्तरातनं कळतं की गुडघा बघायचा, की डोळा, की हाताचं थरथरणं.

सहा गोष्टी, हातानं करून

डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) वयस्करांना तपासायची आयकोप नावाची पद्धत आहे, २०१९ मध्ये तिचं हँडबुक आलं आणि त्याचं फ्री ॲप पण आहे. त्यात सहा गोष्टी बघतात: आठवण, हालचाल, खाणं-वजन, नजर, ऐकणं आणि मन. हे स्लाईडवर वाचून दाखवू नका, खुर्च्या लावा आणि एकमेकींवर करायला लावा.

आठवणीसाठी तीन शब्द सांगायचे, फूल, दार, भात. नंतर विचारायचे. कन्नडमध्ये हूवु, बागिलु, अक्की. मध्येच आज कुठला वार, आपण कुठं बसलोय हे विचारायचं. इथं एक सूचना द्या की तारीख विचारताना इंग्रजी महिना धरून बसू नका, आज्जी "श्रावण लागून चार दिवस झाले" म्हणाली आणि ते बरोबर असेल तर ते उत्तर बरोबरच आहे.

हालचालीसाठी खुर्चीवरनं हात छातीवर बांधून पाच वेळा उठायचं-बसायचं, १४ सेकंदांत व्हायला पाहिजे. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, प्लॅस्टिकची असेल तर एकीनं मागनं धरा, हे न सांगता एका ठिकाणी करायला लावलं आणि खुर्ची सरकली, थोडक्यात वाचली ती मावशी. करायला भीती वाटत असेल तर करायला लावायचं नाही, तेवढंच लिहायचं.

खाणं-वजन, तीन महिन्यांत ३ किलोपेक्षा जास्त वजन न ठरवता उतरलंय का, भूक मेलीय का. वजनकाटा नसला तरी पोलकं ढिलं झालंय का, बांगड्या हातातनं सुटतायत का हे बघता येतं. आणि काय जेवली हे नेमकं विचारायचं. "जेवले की" ह्यात पेज आणि लोणचं पण येतं. दात नाहीत म्हणून शेंगा बंद, परवडत नाही म्हणून डाळ पातळ, उपवास म्हणून आठवड्यातले दोन दिवस तसेच, असं करत करत अंगातलं मांस जातं आणि मग तोल जातो. सल्ला देताना घरात जे आहे त्यातनं द्या, नाचणीची आंबील, कुळथाचं पिठलं, शेंगांचा कूट, खात असतील तर अंडं. निपाणी-चिक्कोडीकडं जैन आणि लिंगायत घरं भरपूर, तिथं अंड्याचं नाव काढून विश्वास घालवू नका, दूध, ताक, डाळी ह्यावर बोला.

नजरेसाठी लांबचं, जवळचं, चष्मा किती वर्षांपूर्वीचा, शुगर-बीपीची औषधं चालू आहेत का. मन म्हणजे गेले दोन आठवडे उदास वाटतंय का, कशातच रस वाटत नाही का. हे दोन प्रश्न घाईघाईत विचारले की उत्तर "नाही" असंच येतं, मला वाटतं हे सगळ्यात शेवटी, चहा झाल्यावर विचारावेत.

ऐकण्यावर मी मुद्दाम जास्त वेळ घालवते. कुजबुजून शब्द सांगायचे, मागनं, आणि म्हणायला लावायचे, ही तपासणी. पण त्यामागची गोष्ट सांगते. एका दवाखान्यात मी असताना एका आज्जीला व्हिडिओवर दाखवलं, डॉक्टरांनी चार-पाच प्रश्न विचारले, प्रत्येकाला ती "व्हय" म्हणाली. दुखतंय का, व्हय. जेवता का, व्हय. उलट्या होतात, व्हय. तिच्या कागदावर "विसरभोळेपणा, गोंधळ" असं लिहिलं गेलं आणि पुढं मेंदूच्या तपासणीचं बोलणं सुरू झालं. नंतर कान बघितले तर दोन्हीत मळ गच्च भरलेला. तो काढल्यावर तीच आज्जी सगळ्या नातवंडांची नावं वयासकट सांगत बसली. मीच तिला स्क्रीनसमोर बसवलं होतं, आधी कान बघायचं मला सुचलं नव्हतं, ते मला अजून लागतं. म्हणून आता मी शिकवते की कॉल लावायच्या आधी कान. वयानं जे ऐकणं कमी होतं त्यात बारीक, उंच आवाज आधी जातात, त्यामुळं ओरडून उपयोग नाही, आवाज जरा खाली आणि सावकाश, तोंड उजेडाकडं, मास्क असेल तर क्षणभर खाली. मोबाईलच्या स्पीकरपेक्षा साधा वायरचा हेडफोन पुष्कळ चांगला चालतो, प्रत्येक केंद्रात एक ठेवा.

मोजमाप

बीपी सगळ्यांनाच येतं असं सगळ्यांनाच वाटतं. करायला लावा आणि बघा. पाच मिनिटं शांत बसवलं का, पाठ टेकली का, पाय जमिनीला लागले का, दंड छातीच्या पातळीत आहे का, पट्टा कपड्यावरनं बांधला का, मोजताना गप्पा चालू आहेत का. आणि अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मिश्री काही झालं का, आपल्याकडं मिश्री विचारल्याशिवाय बायका सांगत नाहीत.

म्हाताऱ्या माणसांत उभं राहून बीपी बघायला शिकवाच. बसून १४०, आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर ती आज्जी पहाटे न्हाणीकडं जाताना पडणार आहे, आज नाहीतर उद्या. हा एक आकडा कॉलवर सांगितला की डॉक्टर औषधाचा डोस बदलतो. बसूनच मोजलं असतं तर "बीपी थोडं जास्त आहे" म्हणून गोळी अजून वाढली असती.

शुगर ७० च्या खाली म्हणजे कमी, हे पाठ. म्हाताऱ्यांत घाम, थरथर दरवेळी दिसत नाही, कधी नुसतं असंबद्ध बोलणं, चिडचिड, सुस्ती. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातनं, पंधरा मिनिटांनी परत बघायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही. ऑक्सिमीटर लावताना बोट गार असलं, मेंदी असली तर आकडा चुकतो, बोट चोळून गरम करून परत लावायचं.

आणि हे फळ्यावर मोठ्या अक्षरात, तोंड वाकडं, एक हात वर राहत नाही, बोलणं अडखळतंय, तर कॉल नाही, ॲप नाही, थेट १०८. लकव्यात गाठ विरघळवायचं इंजेक्शन सुरुवातीपासनं साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं आणि कणकुंबीहून बेळगावला यायलाच तासाच्या वर जातो, वर दवाखान्यात गेल्यावर स्कॅनचा वेळ. "शेवटचं ठीक कधी बघितलं" ती वेळ विचारून कागदावर लिहून द्यायची.

औषधांची पिशवी

ह्या एका गोष्टीला पूर्ण तास द्या. सीमाभागातली आपली माणसं एका गावच्या दवाखान्यावर थांबत नाहीत. गुडघ्याला मिरज, डोळ्याला कोल्हापूर, हार्टला बेळगाव, ताप आला की गावातला डॉक्टर, आणि मध्येच मुलानं पुण्याहून आणलेली गोळी. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, एक मराठीत समजावलेली, एक कन्नडमध्ये, एक इंग्रजीत, आणि कुठलाच दवाखाना दुसऱ्याचा कागद बघत नाही.

हुक्केरीकडच्या एका आजोबांच्या पायाला सूज होती. त्याच्यासाठी लघवीची गोळी चालू होती. लघवीच्या गोळीनं रात्री चार वेळा उठणं, त्यात दोनदा पडले. आशा ताईनं घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत आणल्या आणि आम्ही टेबलावर ओतल्या, तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावाखाली अम्लोडिपिन दोनदा चालू. एक सीमेच्या अलीकडच्या डॉक्टरनं दिलेली, एक पलीकडच्या. अम्लोडिपिननं पायाला सूज येते, डोस वाढला की जास्त येते. म्हणजे एका गोळीची सूज उतरवायला दुसरी गोळी, आणि दुसरीमुळं पडणं. ते सगळं डॉक्टरना व्हिडिओवर एकेक पट्टी दाखवून सांगितलं, त्यांनी ठरवलं काय बंद करायचं. आशा किंवा सीएचओनं आपल्या मनानं काहीही बंद करायचं नाही, हे दहा वेळा सांगा.

शिकवायचं कसं: घरनं रिकाम्या-भरल्या पट्ट्या गोळा करून पिशव्या बनवा, प्रत्येक गटाला एक. पट्टीवर मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव शोधायला लावा. त्याच त्या औषधाच्या दोन पट्ट्या मुद्दाम घाला. एक मेडिकलमधनं आणलेली दुखण्याची गोळी घाला, कारण डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या की बीपी चढतं, किडनीवर येतं, आणि ती गोळी कुणी "औषध" म्हणून सांगतच नाही. झाडपाल्याची बाटली पण पिशवीत असू दे. पाचपेक्षा जास्त गोळ्या रोज चालू असतील तर त्या पेशंटची पिशवी दर तीन महिन्यांनी परत ओतून बघायची, अशी सवय लावा. मग पट्ट्यांचा नीट फोटो काढायला शिकवा, चमक येत नाही अशा उजेडात, नाव आणि एक्स्पायरी वाचता येईल असा, एका फोटोत चारच पट्ट्या.

आता मोबाईल

दुपारच्या चहानंतर. इथवर आलं की ॲप म्हणजे बरंच सोपं वाटतं त्यांना.

ई-संजीवनी ही केंद्र सरकारची टेलिमेडिसिन सेवा, सी-डॅक मोहाली ह्या सरकारी कॉम्प्युटर संस्थेनं बनवलेली, २०१९ मध्ये आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली आणि घरबसल्या ओपीडी एप्रिल २०२० मध्ये. आपल्या कामाची जास्त ती पहिली, जिथं सीएचओ पेशंटजवळ बसते आणि पलीकडं डॉक्टर. नोंद, तक्रार, मोजमाप, फोटो, कॉल, चिठ्ठी, एवढाच क्रम आहे. तो एकदा दाखवा आणि मग तीन खुर्च्यांचा खेळ घ्या: एक आज्जी, एक सीएचओ, एक पाठ करून बसलेला डॉक्टर. डॉक्टरनं मागं वळून बघायचं नाही, फक्त ऐकायचं. सीएचओनं चार वाक्यांत सांगायचं, आत्ता काय झालंय, आधीचं काय आहे, मी काय बघितलं आणि मोजलं, तुमच्याकडनं काय पाहिजे. पहिल्या फेरीत बहुतेकजण पाच मिनिटं बोलतात आणि डॉक्टरला काही कळत नाही. तिसऱ्या फेरीत एक मिनिटात होतं. हा खेळ मला सगळ्यात आवडतो, पाठ करून बसलेल्याला विचारा "तुला काय दिसलं", तेव्हा शिकणाऱ्याला स्वतःलाच समजतं काय सांगायचं राहिलं.

नियम २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत आहेत, तेवढे तरी सांगा. पेशंटनं स्वतः कॉल केला तर त्याची संमती धरतात, पण आरोग्य कर्मचाऱ्यानं जोडून दिला तर संमती स्पष्ट विचारून नोंदवायची. काही साधी औषधं कशाही पद्धतीनं लिहिता येतात, काहींना पहिल्या वेळी व्हिडिओच लागतो, काही फक्त फॉलोअपलाच, आणि नशेच्या गटातली औषधं फोनवर लिहिताच येत नाहीत. हे माहीत असलं की "झोपेची गोळी व्हॉट्सॲपवर मागवून द्या" म्हणणाऱ्या घरच्यांना सीएचओ नीट उत्तर देऊ शकते. चिठ्ठी डॉक्टरचीच, आपण मदत करणारे.

आभा कार्डचं, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळखपत्राचं सांगताना जपून. १४ आकडी नंबर, काढणं ऐच्छिक. फायदा सीमाभागात खरा आहे, कारण जिथं जिथं जोडलेले दवाखाने आहेत तिथले कागद एका ठिकाणी येऊ शकतात, पिशवी ओतायची वेळ कमी येईल. अडचण ओटीपीची. आज्जीच्या आधारला नंबर असतो गोव्यातल्या मुलाचा, तो ड्युटीवर, ओटीपी येतो आणि जातो. आधी मुलाला फोन करून वेळ ठरवा. आणि इथं एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, एकीकडं आपण म्हाताऱ्या माणसांना सांगतो कुणाला ओटीपी सांगू नका आणि दुसरीकडं आपणच मागतो. म्हणून नियम करा, आरोग्य कर्मचारी फोनवर ओटीपी कधीच मागणार नाही, समोरासमोर असतानाच, आणि टाकणार घरचा माणूस. हे आज्जीला पण सांगून ठेवा, म्हणजे उद्या "दवाखान्यातनं बोलतेय" म्हणून फोन आला तर ती ओळखेल. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच, जेवढं लवकर तेवढं पैसे अडवता येण्याची शक्यता.

जंगलपट्ट्यात, आमगावकडं वगैरे, पावसाळ्यात रेंज कधी जाईल सांगता येत नाही. त्यासाठी कागदी फॉर्म, पॉवर बँक, आणि रेंज कुठं येते ती जागा आधीच माहीत असणं. मोजमाप कागदावर वेळेसकट लिहायचं, रेंजमध्ये आल्यावर भरायचं, आठवणीतनं भरायचं नाही. व्हिडिओ अडकला तर आवाज चालू ठेवून व्हिडिओ बंद करायचा, हे साधं पण सुचत नाही घाईत.

दोन भाषांचं पान

जोड्या लावल्या होत्या त्या इथं कामाला येतात. प्रत्येक जोडीनं एक पान बनवायचं, दुखण्याचे शब्द, पुस्तकातले नकोत, घरातले. काही आपल्याकडं सामाईकच आहेत, दवाखाना, शुगर, बीपी, चक्कर, आणि "गुळगी" म्हटलं की दोघांनाही गोळी कळते. पण मराठीतली "कळ", "ठणका", "मुंग्या", "आग", "भरून आलंय" ह्यात फरक आहे आणि कन्नड सीएचओला तो सगळा "नोवु" म्हणून कळला तर पलीकडच्या डॉक्टरला पण तेवढंच कळणार. छातीत कळ आणि छातीत आग, दोन वेगळ्या वाटा आहेत. मराठी सिस्टरनं "ह्यांग अदीरी अज्जी" एवढं जरी म्हटलं तरी समोरची अर्धी मोकळी होते, हे मी किती वेळा बघितलंय.

सून किंवा नातू दुभाषी म्हणून बसतो तेव्हा काळजी घ्या. पोराला आज्जीच्या लघवीच्या तक्रारीचं भाषांतर करायला लावू नका, ती सांगणारच नाही. आणि शेवटी आज्जीकडनंच म्हणवून घ्या, "घरी गेल्यावर कुठली गोळी कधी घेणार, मला सांगा बघू". "समजलं का" ह्याला उत्तर कायम व्हय असंच असतंय.

दार लोटून पाच मिनिटं

प्रत्येक भेटीत पाच मिनिटं तरी एकटीशी बोलायला शिकवा. बीपी शांततेत मोजायचंय म्हणून सगळ्यांना सोप्यात बसवा, कुणी वाईट मानत नाही. ह्याच पाच मिनिटांत कळतं की पेन्शन कोण काढून घेतंय, जेवायला कोण वाढत नाही, की मरणाचे विचार येतात. तेव्हा काय करायचं हे आधीच माहीत पाहिजे. वयस्करांची हेल्पलाईन १४५६७, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, हे नंबर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला. आई-वडिलांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे हे पण सांगा, पण सीएचओनं घरात भांडण लावायचं नाही, मेडिकल ऑफिसरना कळवायचं.

फोटोंबद्दल कडक राहा. आज्जीच्या जखमेचा फोटो "सेवा करताना" म्हणून ग्रुपवर टाकलेला मी बघितलाय, चेहऱ्यासकट. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण कायद्याच्या आधी तिला विचारणं आहे. उपचारासाठीचा फोटो डॉक्टरकडं, दुसरीकडं कुठंही नाही, आणि काम झालं की आपल्या फोनमधनं पुसायचा.

घरी जा, आणि महिन्यानं परत जा

दुसऱ्या अर्ध्या दिवशी हॉल नकोच. आधी परवानगी घेतलेल्या दोन-तीन घरी जा, चारचारच्या गटानं. तिथं उंबरा, ओली न्हाणी, अंधारा जिना, लांबचं संडास, कोपऱ्यात पडलेली काठी जिचं रबर झिजलंय, हे सगळं दिसतं जे कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही. प्रत्येकीनं एक बदल सुचवायचा जो आजच्या आज, पैसे न घालता होईल. रात्री लाईट चालू ठेवणं, पायपुसणं काढून टाकणं, औषधाचा डबा उजेडाला आणणं, असं काहीतरी. सुनेला शेजारी बसवून सांगा, कारण उद्यापासनं सगळं तीच करणार आहे आणि तिला कुणी शिकवत नाही.

परीक्षा घ्यायची तर कागदाची घेऊ नका. महिन्यानं जाऊन प्रत्येकीच्या एका भेटीला बाजूला बसा, गप्प, हातात यादी: कान बघितले का, उभं राहून बीपी घेतलं का, पिशवी ओतली का, संमती विचारली का, आज्जीकडनं म्हणवून घेतलं का. चुकलेलं तिथंच, पण घरच्यांसमोर नाही, वाटेत सांगा.

आणि दर पंधरा दिवसांनी एक तास ऑनलाईन भेटायचं ठरवून टाका. ही रीत डॉ. संजीव अरोरा ह्यांनी २००३ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोला सुरू केली, हिपॅटायटिस सी साठी, लांबच्या गावातल्या डॉक्टरांना केसवर बोलत बोलत शिकवायची, तिचं नाव इको. आपल्याकडं बेंगळूरच्या निम्हान्सनं (मन आणि मेंदूच्या आजारांची मोठी संस्था) पण ती वापरलीय. पद्धत सोपी, एकजण एक खरी केस मांडतो, नाव-गाव न सांगता, बाकीचे आधी प्रश्न विचारतात, मग तज्ज्ञ बोलतो, शेवटी दहा मिनिटं एक छोटा विषय. पहिल्या दोन वेळा कुणी केस आणणार नाही, तेव्हा तुम्हीच तुमची चुकलेली केस मांडा, मी कानाच्या मळाची मांडते. वेळ दुपारी तीनची ठेवा, ओपीडी संपलेली असते आणि आशांना संध्याकाळच्या स्वयंपाकाआधी मोकळं व्हायला मिळतं. मीटिंग मराठी-कन्नड मिसळूनच चालू दे, आणि ज्यांना रेंज मिळाली नाही त्यांच्यासाठी रात्री तीन-चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाका, दोन्ही भाषांत, कारण टाईप केलेलं लांबलचक कुणी वाचत नाही पण भाकऱ्या थापताना ऐकतात सगळ्याजणी.